नांव बदललें, अर्थ राहिला

एका शब्दास सरकारनें भ्यावें, ही गोष्ट मलकापुरांतल्या आजच्या मुलांस खरी वाटणार नाहीं. पण ती घडली आहे. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीनें १९३० सालीं शिवाजी महाराजांवर मूकपट काढला. त्याचें नांव होतें 'स्वराज्याचें तोरण'. 'स्वराज्य' हा शब्द इंग्रजी अमलांतील तपासनिसांस खपला नाहीं; तोरण उतरलें आणि 'उदयकाल' ही पाटी लागली. पुढें १९३५ सालीं प्रभातनेंच एकनाथांचें चरित्र हिंदी व मराठी बोलपटांत आणलें, तेव्हां 'महात्मा'चा 'धर्मात्मा' करावा लागला. पडद्यावर एकनाथ म्हणून बालगंधर्व उभे होते. पण 'महात्मा' म्हणतांच प्रेक्षकांस कोण आठवेल, हें तपासनिसांस पक्कें ठाऊक होतें!

बॉम्बे टॉकीजच्या 'किस्मत'नें १९४३ सालीं निराळी युक्ति योजिली. कवि प्रदीप यांच्या गीतांत दटावणी होती ती जर्मनांस व जपान्यांस. युद्धकाळीं त्यास हरकत कोण घेणार? प्रेक्षकांनीं मात्र ती इंग्रजांस लावली. कलकत्त्यास हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक चालला. हिंदी बोलपटाची आडून बोलण्याची ही खोड म्हणजे पारतंत्र्याचीच शिकवण.

राज्यकर्ते गेले, कात्री राहिली. १९१८ चा कायदा जाऊन १९५२ चा आला. आधीं तपासणी, मग प्रदर्शन, हा क्रम तोच. त्यास ख्वाजा अहमद अब्बास यांनीं आव्हान दिलें. १९७० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो क्रम वैध ठरविला.