मूत्राशयाचा कर्करोग : प्रथिनांची साक्ष

लघवीवाटे रक्त गेले, पण दुखले मात्र नाही. दोन दिवसांनी लघवी आपोआप स्वच्छ झाली. मग दवाखान्याची पायरी कोण चढणार? मूत्राशयाच्या कर्करोगात घात होतो तो येथेच. वेदनारहित रक्तस्राव हेच या रोगाचे बहुधा पहिले लक्षण असते, आणि रक्त थांबले म्हणजे रोग गेला असे नव्हे.

निदानसमयी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत गाठ आतील अस्तरापुरती व त्यालगतच्या थरापुरतीच मर्यादित असते. ती दुर्बिणीतून खरवडून काढता येते. मात्र पुन्हा पुन्हा उगवण्याची खोड तिला असते. उरलेल्या रुग्णांत ती स्नायूच्या भिंतीत शिरलेली असते व पुष्कळदा संपूर्ण मूत्राशय काढावे लागते. त्यानंतर अनेकांना पोटावर पिशवी बाळगूनच आयुष्य कंठावे लागते. तेव्हा आज वरवरची दिसणारी कोणती गाठ उद्या खोल जाईल, हे वेळीच ओळखता आले तर एकाचे मूत्राशय वाचेल व दुसऱ्याचे प्राण.

याचसाठी गाठीतील प्रथिनांची साक्ष काढली जाते. गाठीच्या अतिशय पातळ कापावर विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडे सोडली जातात. ते प्रथिन जेथे असेल तेथे रासायनिक प्रक्रियेने बहुधा तपकिरी रंग उमटतो व विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशी मोजतात. ‘केआय-६७’ हे प्रथिन विभाजनाच्या मार्गावर असलेल्या पेशींतच आढळते. जर्मनीतील कील येथे १९८३ मध्ये त्याचा शोध प्रसिद्ध झाला. नावातील पहिली अक्षरे त्या शहराची आहेत. अशा पेशींचे प्रमाण जितके अधिक, तितकी गाठीची वाढ जोमदार. ‘ई-कॅडहेरिन’ पेशींना एकमेकींशी बांधून ठेवते. ते घटले की पेशी सुट्या होऊन आसपास घुसू लागतात.

सर्वांत अधिक आशा होती ती १९७९ मध्ये आढळलेल्या ‘पी-५३’ या प्रथिनाविषयी. बिघडलेल्या पेशीला रोखणारा हा पहारेकरी. त्याचे जनुक बिघडले की निकामी प्रथिन केंद्रकात साचते. मूत्राशय काढलेल्या २४३ रुग्णांचा अमेरिकेतील अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गाठीत हे प्रथिन साचले होते, त्यांच्यात रोग उलटण्याचे व मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. पण याच खुणेवरून औषधोपचार ठरविणाऱ्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले, तेव्हा एकट्या पी-५३ वरून रुग्णाचे भवितव्य सांगता आले नाही. अपयशाची ही जाहीर नोंद यशाइतकीच मोलाची मानावयास हवी. अन्यथा एका तपकिरी डागावर विसंबून कित्येकांना नको ते उपचार मिळाले असते.

‘एफजीएफआर-३’ ची कथा निराळी. या ग्राहक प्रथिनाच्या जनुकातील बदल बहुधा सौम्य गाठींत आढळतात. मात्र पसरलेल्या रोगातही काही रुग्णांत ते असतात, व त्यांच्यासाठी अर्डाफिटिनिब या औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

रोगाचे मूळ मात्र पुष्कळदा प्रयोगशाळेबाहेर असते. रंगाच्या कारखान्यातील कामगारांत या गाठी होत असल्याचे फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच दाखविले होते. आज सर्वांत मोठे कारण धूम्रपान हे आहे. धुरातील विषारी द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडात गाळली जातात आणि लघवीबरोबर तासन् तास मूत्राशयाच्या अस्तराला भिडून राहतात.