दोन पदव्या आणि आपले हक्क

(पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून एक प्रश्न हल्ली वारंवार निघतो. मुलगा किंवा मुलगी विद्युत अभियांत्रिकीला जाऊ म्हणते. शेजारी सांगतात की नोकऱ्या सगळ्या संगणकाच्या आहेत. मग कोणीतरी सुचवितो की दोन्ही पदव्या एकदमच घ्याव्यात. गोंधळलेले आईबाप वकिलाकडे येतात आणि विचारतात, कायदा हे करू देतो काय? पैसा कोण देणार? आणि आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेतली म्हणून सवलत तर जाणार नाही ना? हा शेवटचा प्रश्न ते हळू आवाजात विचारतात, म्हणून त्याचेच उत्तर मी आधी देतो.

सवलत जात नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. त्यामुळे १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्यांनी अभिमानाने स्वतःस बौद्ध म्हणविले, त्यांस केंद्राच्या सवलतींवर पाणी सोडावे लागले. महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्यापुरता हा अन्याय दूर केला. केंद्राने मात्र १९९० साली कायदा दुरुस्त केला. तीस वर्षे ही काही थोडी मुदत नव्हे. तेव्हापासून अनुसूचित जातीतील मनुष्य बौद्ध झाला तरी त्याचा दर्जा कायम राहतो. अजूनही भीतीपोटी मुलाच्या कागदांवर जुना धर्म राहू देणारी कुटुंबे मला भेटतात. त्यांना मी दोष देत नाही. पण ज्या कायद्याची ही भीती आहे, तो कायदा आता उरलेला नाही. हे मात्र ध्यानात ठेवावे की दर्जा मिळतो तो यादीतील मूळ जातीमुळे. जे कुटुंब यादीत नव्हते, त्यास दीक्षेने तो प्राप्त होत नाही.

आता विषयाकडे वळू. वीज आणि संगणक या दोन वेगळ्या वाटा आहेत, हा समज जुना झाला. उपकेंद्रात वाहिनीवर दोष उद्भवताच प्रवाह तोडण्याचा हुकूम देणारा रिले पूर्वी फिरती चकती आणि स्प्रिंग यांचा बनविलेला असे. आज तो एक छोटा संगणकच आहे. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वीजवितरण कंपन्यांच्या संगणकांत घुसखोर शिरले. त्यांनी दुरूनच उपकेंद्रांतील ब्रेकर उघडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. काही तासांत वीज परत आली, ती कर्मचाऱ्यांनी प्रत्यक्ष उपकेंद्रांत जाऊन हाताने ब्रेकर जोडल्यामुळे. ज्यास केवळ संगणक कळतो, त्यास त्या दिवशी ब्रेकरला हात लावता आला नसता. आणि ज्यास केवळ वीज कळते, त्यास चोर कोठून शिरला हे सांगता आले नसते. दोन्ही जाणणाऱ्याची गरज आहे, ती अशी.

आपल्यासाठी या विषयास आणखी एक अर्थ आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, आणि विजेच्या धोरणाचे काम त्याच खात्याकडे होते. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ साली त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी असे प्रतिपादन केले होते की कला आणि कायदा यांच्या शिक्षणाने आपल्या लोकांचे फारसे हित होणार नाही. त्यांस विज्ञान व तंत्रशास्त्राचे उच्च शिक्षण पाहिजे. मी कायद्याचा पदवीधर असल्यामुळे हे मत मला थोडे टोचते, पण ते खोडून काढता येत नाही.

दोन अभ्यास एकदम चालविण्याचे उदाहरणही त्यांचेच दिले जाते. १९१६ साली लंडनमध्ये त्यांनी एकाच वेळी ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातले, हे खरे. परंतु १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना दोन्ही अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. १९२० साली साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका स्नेह्याचे कर्ज घेऊन ते पुन्हा गेले. अभ्यास थांबला तो पैशापायी, बुद्धीपायी नव्हे. म्हणून हे उदाहरण देणाऱ्याने पैशाचा हिशेबही सांगितला पाहिजे.

तो हिशेब असा. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करण्यास मुभा दिली. दोन्ही वर्गात बसून करावयाचे असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. किंवा एक वर्गात आणि दुसरा मान्यताप्राप्त दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीने करता येतो. अभियांत्रिकीचे तास आणि प्रयोगशाळा सकाळपासून सायंकाळपर्यंत चालतात, म्हणून व्यवहारात दुसरी वाटच उरते. मद्रास आयआयटीने २०२१ पासून डेटा सायन्सचा असा ऑनलाइन अभ्यासक्रम चालविला आहे. त्यास जेईईची अट नाही, अनुसूचित जातींस शुल्कात सवलत आहे, आणि मध्येच थांबल्यास पूर्ण झालेल्या टप्प्याचे प्रमाणपत्र वा पदविका पदरात पडते. ही शेवटची सोय गरिबाच्या दृष्टीने सर्वांत मोठी.

परंतु १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती एका वेळी एकाच अभ्यासक्रमास मिळते. आणि एक पदवी झाल्यावर त्याच पातळीच्या दुसऱ्या विषयाच्या पदवीस ती मिळत नाही. म्हणजे ज्या पदवीचा खर्च अधिक, तिच्यावरच शिष्यवृत्ती लावावी. तीन वर्षांची बी.एस्सी. आधी उरकून मग अभियांत्रिकीस जाऊ, असा बेत करणारे फसतात. कित्येक महाविद्यालयांत १८ ते २० अधिक श्रेयांक घेऊन विद्युत पदवीबरोबरच संगणकशास्त्राचा गौण विषय पुरा करता येतो. ज्याचे गणित बेताचे आहे किंवा ज्यास घरी चार पैसे पाठवावे लागतात, त्याने मी म्हणेन एवढ्यावरच समाधान मानावे. दोन पदव्यांच्या हौसेने पहिल्याच वर्षी नापास होणे कोणाच्याही उपयोगाचे नाही.

आणि हा सारा खटाटोप मुलासाठी आणि मुलीस मात्र घराजवळचे कोणतेही कॉलेज, असा विचार कोणी करीत असेल तर त्याने तो येथेच सोडावा. रिलेला माणूस ओळखता येत नाही.

एक काम उद्यापासून करावयाचे आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते. समिती पुरावा मागते तो पिढ्यांचा, आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीची नोंद सापडल्यास काम पुष्कळ सोपे होते. मुलाच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ असेल तर आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा शोधावा लागतो. केंद्राच्या संस्थांसाठी दाखल्यावर मूळ अनुसूचित जातीचे नाव असावे लागते. ‘नवबौद्ध’ एवढा शब्द तेथे पुरत नाही, कारण त्या नावाची जात यादीत नाही. निकालाची वाट पाहत बसल्यास वेळ उरत नाही. मूल अकरावीत असतानाच गावी जावे, मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी, आणि उताऱ्याच्या दोन प्रती घरी जपून ठेवाव्यात.