सुरक्षा अधिकाऱ्याची विद्या



बरेच दिवस न वापरलेल्या आडात उतरायचे झाले, की जाणती माणसे आधी दोराला कंदील बांधून खाली सोडतात. कंदील विझला, तर माणसाने उतरायचे नाही. ही आपली जुनी विद्या, आणि ती खोटी नाही.

पण हाच कंदील कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत सोडला तर? प्राणवायू फार कमी झाला आहे, एवढेच ज्योत सांगते. कुजलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू निघतो. तो जीव घेण्याइतका साचला, तरी ज्योत जळतच राहील. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. वायू वाढला की नाकच बधिर होते, आणि माणसाला वाटते, वास गेला! शिवाय तिथे मिथेन साचला असेल, तर त्या कंदिलानेच भडका उडायचा. मग एक जण खाली पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागून तिसरा. धाडस असते, माया असते. विद्या तेवढी नसते.

ती विद्या ज्याच्याजवळ असावी, तो सुरक्षा अधिकारी. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९७६ साली दुरुस्ती झाली आणि १,००० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी असा अधिकारी नेमण्याचे कलम आले. २०२० च्या संहितेने हा आकडा ५०० वर, आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यासाठी २५० वर आणला.

आता तुम्ही विचाराल, हा माणूस शिकलेला तरी किती हवा? महाराष्ट्राच्या १९८२ च्या नियमांनी तीन गोष्टी मागितल्या. पहिली, अभियांत्रिकीची पदवी आणि कारखान्यात देखरेखीचा २ वर्षांचा अनुभव. नुसती पदविका असेल, तर अनुभव ५ वर्षांचा. दुसरी, औद्योगिक सुरक्षेची वेगळी पदविका. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत हा अभ्यासक्रम शिकवतात. टाकीतली हवा उपकरणाने कशी तपासावी, पंख्याने ती कशी खेळवावी, बाहेर दोर धरून माणूस का उभा ठेवावा, हे तिथे कळते.

आणि तिसरी गोष्ट, तिथल्या बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला आली पाहिजे. ही अट लहान दिसते, पण मला विचाराल तर बाकीच्या दोन्ही तिच्यावरच उभ्या आहेत. धोक्याची पाटी कामगाराला वाचताच आली नाही, तर अधिकाऱ्याची पदवी भिंतीवरच टांगलेली राहते. “बाबा, वास गेला म्हणजे विष गेले नाही,” हे त्याच्या बोलीत सांगता आले, तर माणूस जिवंत घरी जातो.

म्हणून गुरुजी, पेल्याखाली मेणबत्ती विझवण्याचा प्रयोग तुम्ही वर्गात करताच. तो झाला की मुलांना आणखी एक प्रश्न विचारा: ही ज्योत आपल्याला काय सांगत नाही? त्या वर्गातलाच एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या टाकीच्या तोंडाशी उभे राहून म्हणेल, “थांबा, आधी हवा तपासू.”