उलटलेले दुखणे

लहान मुलाच्या रक्ताच्या कर्करोगावर दोन-तीन वर्षे उपचार चालतात. पुष्कळ मुले बरी होतात. काहींचे दुखणे उलटते. असे आईबाप आम्ही पाहिले आहेत. पहिल्या खेपेस खात्यातले सोबती वर्गणी काढतात, शेजारीण डबा धाडते. दुसऱ्या खेपेस रजा सरलेली, दागिने गहाण, आणि पोर विचारते, 'पुन्हा सुई का?' १९४८ च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या राज्य कामगार विमा योजनेत कुटुंबाला औषधपाणी आहे. आजारपणाचा रोख भत्ता मात्र कामगार स्वतः आजारी पडला तरच. पोराच्या उशाशी बसलेल्या बापाचा खाडा मांडला जातो. वर्गणी आम्ही काढूच. पण आमची मागणी एकच : त्या उशाशी बसण्यासाठी भरपगारी रजा.