बाईच्या कामाची नोंद



2021 मध्ये व्हायची राहून गेलेली जनगणना आता होते आहे. 2026 मध्ये घरांची यादी आणि फेब्रुवारी 2027 मध्ये माणसांची मोजणी. त्यात जात विचारणार, नोंद मोबाइलवर होणार, यावर पुष्कळ बोललं जातंय, तुम्ही ऐकत असालच. मी त्यात शिरत नाही. मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि ती सगळी मी एका प्रश्नावर घालवणार आहे. प्रगणक तुमच्या ओट्यावर बसेल, एकेकाचं नाव, वय, शिक्षण लिहून घेईल, आणि मग घरातल्या बाईंबद्दल विचारेल, "या काय काम करतात?" त्या वेळी तुमच्या घरातून काय उत्तर जाईल, याची मला आत्तापासून काळजी लागली आहे.

कारण ते उत्तर मी ऐकलेलं आहे. 1991 च्या जनगणनेत आम्हा प्राथमिक शिक्षकांना नेहमीप्रमाणे प्रगणक म्हणून नेमलं होतं. शिरूर तालुक्यातलं गाव, फेब्रुवारीचे दिवस, ज्वारीची काढणी जोरात. एका घरी मालक ओट्यावर बसून सगळी माहिती नीट देत होते. बायकोचं नाव आलं. मी विचारलं, "त्या काय करतात?" म्हणाले, "काय न्हाई, घरीच असती." मी म्हटलं, "बोलवा ना त्यांना." तर त्या घरी नव्हत्या! उजाडल्यापासून रानात ज्वारी काढत होत्या. पोरीला धाडलं, त्या आल्या, हातात विळा तसाच. मी त्यांना विचारलं, "बाई, तुम्ही काय काम करता?" त्या म्हणाल्या, "मी काय करनार? घरचंच की."

त्या गृहस्थांनी खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. बाईंनीही नाही. ज्याचा पैसा हातात येत नाही ते काम नव्हे, अशी दोघांची मनापासूनची समजूत होती. पण त्या दोघांच्या समजुतीतून एक आकडा तयार होतो. अशा कोट्यवधी ओट्यांवरचे आकडे दिल्लीत एकत्र होतात आणि भारतात बायका काम करतात किती याचा तो अधिकृत हिशेब ठरतो.

आता हा हिशेब प्रश्नाच्या शब्दांवर कसा हलतो ते बघा. 1961 च्या जनगणनेत नियम सैल होता. हंगामी कामाच्या बाबतीत, हंगामातले बरेचसे दिवस रोज एक तासाहून जास्त काम करणारा माणूस कामकरी धरला जाई. तेव्हा शंभर बायकांमागे 28 बायका काम करणाऱ्या निघाल्या. दहा वर्षांनी, 1971 मध्ये, प्रश्न बदलला. तुमचं मुख्य काम कोणतं, असं विचारलं. आता शेतातून येऊन चूल पेटवणारी बाई मुख्य काम कोणतं सांगणार? घरकाम. आकडा साधारण निम्म्यावर आला. त्या दहा वर्षांत देशातल्या निम्म्या कष्टकरी बायका घरी जाऊन बसल्या का? नांगरट थांबली, की लावणी थांबली? बाया तिथेच होत्या, कागदावरून गेल्या.

गहू चाळताना आपण काय करतो? दाणा वर राहावा आणि माती, बारीक कचरा खाली जावा, अशा बेताची चाळण घेतो. भोकं त्याहून मोठी असली, तर कचऱ्याबरोबर दाणाही खाली जातो, आणि वर राहिलेलं मूठभर बघून आपण म्हणतो, यंदा गहू कमीच. 1971 मध्ये हेच झालं. प्रश्न म्हणजे चाळण. तिची भोकं मोठी होती.

हे आपल्याकडच्या अभ्यासकांनी ओळखलं, आणि त्यात बायका पुढे होत्या. देवकी जैन आणि मालिनी चंद यांनी 1976-77 मध्ये राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या काही गावांत घरोघरी दिवसभराच्या कामाचा हिशेब मांडला. सरकारी पाहणीच्या पद्धतीने विचारलं तर जिची नोंद 'घरकाम' अशी व्हायची, ती प्रत्यक्षात गुरांचं बघते, मळणी करते, असं त्यांना दिसलं. 1988 मध्ये इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा 'श्रमशक्ती' अहवाल आला, त्यातही असंघटित क्षेत्रातल्या बायकांच्या न दिसणाऱ्या कामाबद्दल सविस्तर लिहिलेलं आहे. या सगळ्या रेट्यामुळे 1991 च्या प्रश्नात शब्द घातले गेले: घरच्या शेतीत किंवा घरच्या धंद्यात केलेलं बिनमोबदल्याचं कामसुद्धा धरून. 2001 मध्ये आणखी एक सुधारणा झाली. दूध किंवा शेतमाल विकला नाही, घरीच खाल्ला, तरी ती जनावरं सांभाळणारी, ते रान कसणारी व्यक्ती काम करणारीच धरायची. हे पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून पुन्हा सांगते. म्हशीचं दूध डेअरीला घातलं नाही, पोराबाळांनीच प्यायलं, तरी तिची धार काढणारी बाई काम करते, असा जनगणनेचाच नियम झाला.

म्हणजे चाळण बदलली, भोकं बारीक झाली. पण श्रोतेहो, गहू चाळणीत ओतलाच नाही तर चाळण काय करील? ओतायचं काम तुमचं आहे. 'घरीच असते' म्हटलं की ती गव्हाची पाटी कोपऱ्यातच राहिली.

आता तुम्ही म्हणाल, ही तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. पण 2011 च्या जनगणनेतही देशातल्या शंभर बायकांमागे साधारण पंचवीसच काम करणाऱ्या नोंदल्या गेल्या. त्यानंतर दरवर्षी श्रमशक्तीची जी सरकारी पाहणी होऊ लागली, तिच्यात 2017-18 मध्ये पंधरा वर्षांवरच्या बायकांचं प्रमाण 23.3 टक्के आलं, आणि 2023-24 मध्ये ते 41.7 टक्के झालं. सहा वर्षांत एवढी उडी. अर्थशास्त्रज्ञ यावर भांडताहेत: बायका खरंच कामाला लागल्या, की आधी न दिसणाऱ्या दिसू लागल्या? वाढ बहुतेक खेड्यांतली आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणी घरच्याच शेतात, घरच्याच दुकानात बिनपगारी राबणाऱ्या आहेत. दोन्ही कारणं थोडी थोडी खरी असावीत असं माझं मत आहे. पण ज्या देशात बाई काम करते की नाही याचं उत्तर विचारण्याच्या पद्धतीने एवढं बदलू शकतं, त्या देशाने आपल्या गरिबीचा, मजुरीचा, विकासाचा हिशेब किती विश्वासाने मांडायचा?

आणि याच पाहण्यांत एक क्रमांक आहे, 93. तो मला स्वस्थ बसू देत नाही. 92 म्हणजे फक्त घरकाम करणारी. 93 म्हणजे घरकाम करून शिवाय सरपण आणणारी, रानभाजी खुडणारी, गुरांना चारा आणणारी, घरच्यांचे कपडे शिवणारी. इतकं सगळं कागदावर लिहून घ्यायचं आणि शेवटी 92 आणि 93 दोघींनाही श्रमशक्तीच्या बाहेर ठेवायचं! दाणा चाळणीवर राहिला, तो वेगळ्या ताटात काढला, आणि ताट गिरणीला गेलंच नाही.

सरपणावरून आठवलं. 2011 च्या जनगणनेप्रमाणे देशातली जवळजवळ निम्मी कुटुंबं सरपणावर स्वयंपाक करत होती, खेड्यांत तर शंभरातली साठाहून जास्त. पिण्याचं पाणी घराच्या आवारात असलेली कुटुंबं निम्म्याहून कमी होती. आणि शंभरातल्या सतरा-अठरा कुटुंबांना ते लांबून आणावं लागे. लांबून म्हणजे खेड्यात अर्ध्या किलोमीटरहून लांब. पुढे गॅस आला, 2019 पासून जलजीवन मिशनचे नळ आले, फरक पडला, ते नाकारायचं कारण नाही. पण मार्च-एप्रिलमध्ये नळ कोरडा पडला तर हंडा कोण उचलतं? जंगल किती हेक्टरने घटलं हे उपग्रह सांगतो. मोळीसाठी बाईला आता किती लांब जावं लागतं, हे तिला विचारल्याशिवाय कळत नाही. भूजल किती मीटर खाली गेलं हे निरीक्षण विहिरीवरून कळतं, त्यामुळे तिची झोप किती कमी झाली हे नाही. पर्यावरणाची आकडेवारी आणि बायकांच्या वेळेची आकडेवारी शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवी. तसं केलं तर दुष्काळाकडे बघायची आपली... पण हा विषय मोठा आहे, आणि समोरच्या काचेतून मला वेळेची खूण झाली आहे.

वेळेची आकडेवारी मात्र सांगायलाच हवी. केंद्र सरकारने 2019 मध्ये प्रथमच देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, 2024 मध्ये पुन्हा केली. पद्धत फार चांगली आहे. आदल्या दिवशी पहाटे 4 पासून आज पहाटे 4 पर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासात तुम्ही काय केलंत, हे विचारायचं. इथे 'घरीच असते' चालत नाही, एकेक खण भरावा लागतो. मग काय दिसलं? 2024 मध्ये बिनमोबदल्याच्या घरकामात बाईची दिवसाला 289 मिनिटं गेली, म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. पुरुषांची 88. आणि ही 88 सुद्धा जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची सरासरी आहे. न लावणारे त्यात आलेलेच नाहीत. पाच वर्षांपूर्वी बायकांची 299 होती. पाच वर्षांत दहा मिनिटं कमी झाली. पुरुषांची 97 होती, तीही नऊ मिनिटांनी कमीच झाली.

"नोंद झाली काय, नाही झाली काय, राबायचं ते राबायचंच," असं बायका मला म्हणतात. बायांनो, हे म्हणणं सोडा. 2011 ला ज्या बायका काम करणाऱ्या म्हणून नोंदल्या गेल्या, त्यांच्यातल्या शंभरातल्या 65 शेतकरी किंवा शेतमजूर होत्या. आणि 2015-16 च्या कृषी गणनेत बाईच्या नावावर चालणारी वहिवाट किती? शंभरात 14 च्या आसपास. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून कर्ज नाही, शेतीच्या प्रशिक्षणाचं बोलावणं नाही. आणि जनगणनेतही तुम्ही स्वतःच 'घरीच असते' म्हणून लिहून दिलंत, तर तुमच्या बाजूने बोलणाऱ्याने हातात काय घेऊन बोलायचं? तालुक्यात काम करणाऱ्या बायका किती, हेच कागदावर नसेल तर पाळणाघर कोणासाठी मागायचं?

आणि काम मिळालं तर बाया येतात की नाही, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. 1972 च्या दुष्काळात रस्त्यांच्या, तलावांच्या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, त्या कामांवरही आल्या. 1971 च्या कागदावर ज्या 'घरी' होत्या, त्याच पुढच्या वर्षी डोक्यावर पाटी घेऊन उभ्या होत्या. याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

प्रगणकांशीही दोन शब्द बोलायचे आहेत, तुमच्यातले बरेच जण माझ्यासारखेच शिक्षक असतील. उन्हात फिरून तुम्ही दमता, घरं पुष्कळ असतात, हे मला माहीत आहे. तरी 'घरीच असते' ऐकून लगेच बोट लावू नका. एक प्रश्न जास्त विचारा: शेतात जातात का? गुरं आहेत का, धार कोण काढतं? विड्या, शिवण, पापड, दुकान, यातलं काही? तो प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. आणि जमेल तिथे तो त्या बाईंनाच विचारा.

दादांनो, तुमच्यासाठी एवढंच. ती लावणीला जाते, खुरपायला जाते, तुम्ही बाहेर असताना दुकान बघते, तर तसं सांगा. त्यात तुमचं काही कमी होत नाही. लोकांना वाटेल बायकोला कामाला लावतो, म्हणून पुष्कळ जण गप्प बसतात. ही लाज सोडून द्या.

आणि बायांनो, शक्य असेल तर त्या दिवशी ओट्यावर तुम्हीच बसा. वर्षभरात काय काय केलंत ते आधी मनात जुळवून ठेवा: ज्वारीची काढणी, कापसाची वेचणी, भुईमुगाच्या शेंगा तोडणं, कोंबड्या, शेळ्या, म्हैस, मशिनीवरचं शिवण. दूध घरीच प्यायलं तरी सांगा. मजुरी मिळाली नाही तरी सांगा. थोडेच महिने केलं असलं तरी तेही सांगा. 'घरीच असते' एवढं मात्र म्हणू नका.