योजनेत न लिहिलेले काम



उद्योगाची योजना आखणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, ती तडीस नेणारे मात्र थोडे. असे का होते, हे समजून घ्यायला मला किर्लोस्करांच्या नांगराकडे वळावेसे वाटते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला. मुंबईत यंत्ररेखन शिकवून आलेला हा माणूस. सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून कडबा कापण्याच्या यंत्रापर्यंत आलेला. नांगराची गरज तर उघड होती. पण शेतकरी त्याला हात लावेना. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष भिनते, अशी पक्की समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात.

ही दोन वर्षे मला फार मोलाची वाटतात. भट्टी, साचे, ओतकाम, कारागीर या सगळ्यांचा हिशेब कागदावर मांडता येतो. शेतकऱ्याच्या मनातली भीती कोणी काढायची, हे काम त्यात कुठेच नसते. ते कोणाच्याच वाट्याला आलेले नसते, म्हणून होत नाही आणि माल पडून राहतो. मग आपण गिऱ्हाइकाला अडाणी ठरवून मोकळे होतो. लक्ष्मणरावांनी तसे केले नाही. गिऱ्हाइकाची शंका फेडणे हेही कारखान्याचेच काम आहे, असे मानून ते टिकून राहिले.

पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली. १९१० साली औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज दिले. ती जमीन म्हणजे निवडुंग आणि सापांनी भरलेला माळ. कारखान्याची वसाहत, किर्लोस्करवाडी, तिथे उभी राहिली ती माणसांच्या जोरावर. बंधू रामूअण्णा, शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांच्यासारखी ही मंडळी. पदवीपेक्षा अंगातले गुण पाहून लक्ष्मणरावांनी त्यांच्यावर जबाबदाऱ्या सोपवल्या.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी कच्चे लोखंड मिळेनासे झाले. ही अडचण कोणाच्या स्वप्नात आली असेल? तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. आराखडा बदलला, पण नांगर बनवायचे थांबले नाही.

आता आपल्याकडे पाहू. मसाल्याचा कारखाना काढायचा म्हणून बँकेला द्यायचा प्रकल्प अहवाल मी पुष्कळदा पाहिला आहे. यंत्राची किंमत, पाच वर्षांचा नफा, कर्जफेडीचे हप्ते, सगळे व्यवस्थित असते. त्यात थ्री-फेज वीजजोडणी हा एकच शब्द असतो. अर्ज कोणी करायचा? कोणत्या तारखेला? जोडणी लांबली तर यंत्राचा हप्ता कशातून भरायचा? पहिले पन्नास किलो तिखट घेऊन कोणत्या दुकानदाराकडे कोण जाणार, आणि त्याने "ठेवून जा, विकले तर पैसे देतो" म्हटले तर काय करायचे? हे अहवालात नसते. यंत्र येऊन प्लास्टिकखाली झाकून राहते ते याच रिकाम्या ओळींमुळे. अहवाल लिहिणाऱ्याचा त्यात दोष नाही. तो बँकेसाठी लिहिलेला असतो, कामासाठी वेगळा कागद लागतो.

तो कागद साधा असावा. या आठवड्यात करायचे काम, करणाऱ्याचे नाव आणि तारीख एवढेच त्यात असले तरी पुरे. "आपण सगळे मिळून बघू" हे उत्तर त्यात चालू देऊ नका, कारण सगळ्यांचे काम कोणीच करत नाही. दर सोमवारी तो कागद वाचावा. जे झाले नाही त्याचे कारण, माणसाला टोचून न बोलता, लिहून ठेवावे. दोनदा अडलेल्या कामाकडे मालकाने स्वतः जावे. भिडेपोटी आपण नेमके हेच टाळतो.

या सभागृहात उद्योग काढू पाहणारी तरुण मंडळी आहेत, त्यांना माझी विनंती आहे. घरी गेल्यावर आपली योजना उघडा. तिच्यात ज्या कामापुढे माणसाचे नाव नाही, त्या प्रत्येक कामापुढे आज रात्रीच एक नाव लिहा, आणि सापडत नसेल तर स्वतःचे लिहा.