लोकलचा चेहरा घरी कसा ओतायचा: स्टायरीन, सिलिकॉन आणि रेझिन

मागच्या भागात बोलता बोलता मी म्हणालो होतो की घरी जुन्या लोकलची केबिन बनवतोय. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "थ्रीडी प्रिंटर आहे का तुझ्याकडे?" नाही. कटर आहे, पट्टी आहे, सँडपेपर आहे. आजचा भाग त्याच्यावरच.

आधी कुठली लोकल ते सांगतो. जांभळी-पांढरी नव्हे. त्याच्या आधीची, पिवळी-तपकिरी, १५०० व्होल्ट डीसीवर धावणारी. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला, हार्बर मार्गावर धावली, आणि डीसीचा शेवटही हार्बरवरच झाला, एप्रिल २०१६ मध्ये. म्हणजे ज्या गाडीने आपले आईवडील तीस-तीस वर्षं ऑफिसला गेले, ती आता बघायला मिळत नाही. बहुतेक रेक भंगारात गेले. युरोपातल्या कुठल्याही फुटकळ इंजिनाचं मॉडेल दुकानात मिळतं, पण ही लोकल हवी असेल तर हातानेच करावी लागते.

स्केल आहे एचओ, म्हणजे १:८७. खऱ्या गाडीतले ८७ मिलिमीटर म्हणजे मॉडेलमधला एक मिलिमीटर. आपली लोकल १२ फूट रुंद, म्हणजे ३६५८ मिलिमीटर. भागिले ८७, आले ४२. माझी केबिन काड्यापेटीच्या लांबीपेक्षाही अरुंद आहे! पण बारा डब्यांची अख्खी गाडी केली तर ती तीन मीटरच्या आसपास जाते. वन रूम किचनवाल्यांनी याचा विचार करावा.

इथे एक तडजोड आहे, ती आधीच सांगून टाकतो. बाजारात मिळणारा एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो १४३५ च्या स्टँडर्ड गेजवरून आलाय. आपला ब्रॉडगेज १६७६, म्हणजे हिशोबाने १९.२६ पाहिजे. पावणेतीन मिलिमीटरचा फरक. ऐकायला काहीच नाही, पण रुंद लोकल त्या रुळावर ठेवली की पैलवानाने लहान पोराचे बूट घातल्यासारखी दिसते. काही जण रूळही स्वतः बनवतात. माझं मत, समोरून बघणाऱ्याला आधी चेहरा दिसतो, त्यामुळे आधी चेहरा नीट करा.

आता मापं आणायची कुठून? गाडीच नाही. मी फोटोंवरून काढली. फोटो अगदी समोरून हवा आणि लांबून, झूम करून काढलेला हवा. जवळून मोबाईलने काढला की कडा वाकतात आणि सगळी मापं खोटी पडतात. मला सापडलेल्या एका फोटोत केबिनची रुंदी १४६३ पिक्सेल भरली. ३६५८ भागिले १४६३, म्हणजे एक पिक्सेल अडीच मिलिमीटरचा. मग काच कुठून सुरू होते, हेडलाइट केवढा, सगळं मोजत बसायचं. एक लक्षात ठेवा, सगळ्या लोकल सारख्या नव्हत्या. कोलकात्याच्या जेसपने बनवलेल्या वेगळ्या, पेरांबूरच्या आयसीएफच्या वेगळ्या. दोघांचे फोटो एकत्र करून मोजलंत तर तयार होईल ती कधीच न धावलेली गाडी.

मास्टर, म्हणजे मूळ नमुना, स्टायरीनच्या शीटचा. पांढरं, गुळगुळीत प्लास्टिक असतं. पूर्ण कापायचं नाही. कटरने दोन-तीनदा रेघ ओढायची आणि बिस्किटासारखं मोडायचं. पुढची भिंत मी एक मिलिमीटरची घेतली आणि तिच्यावर खिडकीच्या चौकटीसाठी पाव मिलिमीटरची पट्टी. ती पाव मिलिमीटरची पट्टीसुद्धा खऱ्या गाडीत जवळपास पाऊण इंच जाड होते, म्हणून त्याहून जाड काही लावायचं नाही. चिकटवायला फेव्हिक्विक नको, पातळ सॉल्व्हंट वापरा, ब्रशने जोडावर टेकवायचं. ते प्लास्टिकच विरघळवून दोन तुकडे एक करतं.

मग ग्रे प्रायमर. प्रायमर मारेपर्यंत सगळं छान दिसतं, मारल्यावर प्रत्येक ओरखडा ओरडायला लागतो. ८०० चा सँडपेपर पाण्यात भिजवून घासा, परत प्रायमर, परत १२००. कंटाळवाणं काम आहे, पण आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो: मास्टरमधला बग प्रत्येक कॉपीत जाणार.

कॉपी कशाला? गाडीला दोन टोकं असतात. एका बाजूला मोटरमन, दुसऱ्या बाजूला गार्ड, आता ज्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात. दोन चेहरे हाताने हुबेहूब सारखे होत नाहीत, कितीही सांभाळा. शिवाय मित्रांनी आधीच नंबर लावलेत. म्हणून साचा.

साच्यासाठी आरटीव्ही सिलिकॉन. दोन प्रकार येतात. टिनवाला कुरकुर करत नाही, पण तो थोडा आकसतो आणि साचा लवकर म्हातारा होतो. प्लॅटिनमवाला टिकतो, पण त्याचे नखरे फार. गंधक असलेली माती किंवा लॅटेक्सचे हातमोजे लागले की तिथे तो घट्टच होत नाही, चिकट राहतो. पहिल्यांदा करताय तर टिनवाला घ्या. मास्टर अर्धा मातीत बसवायचा, चारी बाजूंनी लेगोची भिंत, आणि सिलिकॉन एका कोपऱ्यातून, उंचावरून, सुतळीएवढ्या धारेने ओतायचं. धार बारीक झाली की त्यातले बुडबुडे फुटतात. दुसऱ्या दिवशी उलटं करून माती काढायची, व्हॅसलीन लावायचं आणि दुसरी बाजू ओतायची. व्हॅसलीन विसरायचं नाही, सिलिकॉन इतर कशाला फारसं चिकटत नाही पण सिलिकॉनला घट्ट चिकटतं.

रेझिन पॉलियुरेथेनचं. दोन बाटल्या, सारख्या मापाने मिसळायच्या, आणि मिसळल्यावर हातात दोन-तीन मिनिटं. व्हॉट्सॲप बघायचं नाही. ओतण्याआधी साच्यात चिमूटभर टाल्कम पावडर फिरवून झटकून टाका, रेझिन कोपऱ्यांत नीट शिरतं. आणि पावसाळ्यात हे काम करूच नका. एका बाटलीत आयसोसायनेट असतं, ते पाण्याशी भिडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. जुलैतल्या मुंबईच्या हवेत केबिनऐवजी पाव फुगतो. बाटली उघडून ठेवली तर उरलेलं रेझिनही वाया.

तोच आयसोसायनेट फुप्फुसांनाही वाईट. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की पुढे थोड्याशा वाफेनेही दम्यासारखा त्रास होऊ शकतो. म्हणून बंद बेडरूममध्ये नाही, स्वयंपाकघरात तर नाहीच. गॅलरी, नायट्राइलचे हातमोजे आणि ऑर्गॅनिक व्हेपरचा मास्क. कोविडचा कापडी मास्क चालत नाही. यूट्यूबवर बुडबुडे दाबायला प्रेशर पॉट वापरतात ते बघून घरातला कुकर घेऊ नका. तिथे दाब ४० ते ६० पीएसआय लागतो, कुकर साधारण १५ चा असतो.

काचेवरची जाळी मात्र ओतत नाही. ती चहाच्या गाळणीची, कापून नंतर लावली. ही जाळी आमच्या बिल्डिंगमधल्या काकांमुळे आली. काका निवृत्त मोटरमन. मी जाळी नसलेला मास्टर दाखवला, तर हातात घेऊन बराच वेळ फिरवला आणि विचारलं, "अरे, दगड आला तर?" मग सांगत बसले. रुळांजवळून भिरकावलेले दगड, डेडमॅन हँडल दाबून धरल्याने दुखणारं मनगट, उन्हाळ्यात तापलेली केबिन. हँडल सोडलं की ब्रेक लागतात, म्हणजे नाक खाजवायला दुसरा हात. हे कुठल्याच फोटोत नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, आतलं कधी करतोस? खुर्ची, कंट्रोलर, मीटर. मी म्हटलं, काका, बाहेरून मिळाले तेवढे फोटो मिळाले, आतला एकही धड नाही. त्यांनी माझ्या वहीत पेन्सिलने आकृती काढून दिली, कुठला गेज कुठे, घंटेचं बटण कुठे. हात आता थोडा थरथरतो, त्यामुळे दोन गोष्टी मला लागत नाहीयेत, आणि त्यांनाही त्या नक्की आठवत नाहीयेत.

तर मंडळी, तुमच्या घरात कोणी मोटरमन किंवा गार्ड होतं का? जुन्या अल्बममध्ये निरोपसमारंभाचा, हार घालून केबिनमध्ये उभं राहून काढलेला एखादा फोटो असतोच. मागे डेस्क दिसत असेल तर पाठवा. धूसर असला तरी चालेल.